ग्रहांच्या नकाशांवरचे रेखांश: ० ते ३६० की −१८० ते १८०? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळाचा किंवा चंद्राचा डेटा पहिल्यांदा उघडणारा जवळजवळ प्रत्येक जण याच अडचणींशी अडतो. मीही अडलो होतो आणि तेव्हा मराठीत विचारायला कुणी नव्हतं. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. जीआयएसची (संगणकावर नकाशे हाताळण्याच्या तंत्राची) तोंडओळख आहे एवढं गृहीत धरलंय, खगोलशास्त्राची नाही.

एकाच जागेला दोन-तीन वेगवेगळे रेखांश कसे असू शकतात?

व्हायकिंग १ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरलं. त्याची जागा एका ठिकाणी ४७.९५ अंश पश्चिम अशी मिळेल, दुसरीकडे ३१२.०५ अंश पूर्व अशी, तिसरीकडे नुसतं −४७.९५. तिन्ही बरोबर आहेत. रेल्वेच्या वेळापत्रकात २२:३० छापतात आणि घरी आपण रात्री साडेदहा म्हणतो, तसंच हे. गाडी एकच, वेळ एकच, लिहायची रीत वेगळी.

फरक असा, की वेळापत्रकात आपण कुठली रीत वापरतोय हे लगेच कळतं. डेटाच्या फायलीत नुसतं ‘४७.९५’ लिहिलेलं असेल तर ते पूर्व की पश्चिम हे त्या आकड्यावरून कळायला मार्गच नसतो. शाळेत आपण भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरून ठरते असं पाठ केलं. त्यातला ‘पूर्व’ हा शब्द पृथ्वीवर आपण गाळला तरी चालून जातं, कारण पृथ्वीसाठीचं सॉफ्टवेअर पूर्व धनच मानतं, म्हणजे पूर्वेकडचे रेखांश अधिक चिन्हाचे धरतं. इतर ग्रहांवर ती सवय अंगाशी येते.

माझा नकाशा दुसऱ्या नकाशावर बसत नाही. नेमकं काय चुकलंय हे कसं ओळखायचं?

दुरुस्तीला हात लावण्याआधी चूक कशी दिसते ते नीट बघा. दुखणं कुठलं आहे हे बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं.

अर्धा नकाशा बरोबर बसतो आणि उरलेला अर्धा उजवीकडे, रिकाम्या जागेत पडतो: हा निव्वळ पल्ल्याचा फरक. एक फाइल ० ते ३६० मध्ये आहे, दुसरी −१८० ते १८० मध्ये. ० ते १८० हा भाग दोघींत सारखाच असल्यामुळे तो जुळतो. हा सगळ्यात सौम्य प्रकार, कारण यात कुठलाही आकडा खोटा नसतो.

काहीच जुळत नाही, सगळं बरोबर अर्धा गोल सरकलेलं दिसतं: कुणीतरी ० ते ३६० च्या चित्राला −१८० ते १८० च्या कडा चिकटवल्या आहेत, किंवा मध्यरेखांश (नकाशाच्या मधोमधचा रेखांश) १८० असलेल्या फाइलीचा तो मध्यरेखांश वाटेत हरवलाय.

पूर्वेच्या गोष्टी पश्चिमेला दिसतात, शून्य रेखांशाच्या आरशात पाहिल्यासारख्या: पश्चिम धन मानणारा डेटा पूर्व धन समजून वाचला गेलाय.

उत्तर-दक्षिण थोडासा सरक आहे. विषुववृत्तावर नाही, ध्रुवावर नाही, मधल्या अक्षांशांवर सगळ्यात जास्त: हा अक्षांशाच्या प्रकाराचा घोळ. त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे.

सगळीकडे पूर्व-पश्चिम एकसारखाच सरक आहे, पण तो १८० नाही: दोन फायलींचं मूळ रेखावृत्त, म्हणजे शून्य रेखांशाची रेषा, वेगळं आहे.

जागा बरोबर वाटतात पण अंतरं जवळपास दुप्पट येतात: मंगळाच्या डेटाला पृथ्वीची सीआरएस (आकडे कुठल्या ग्रहावर आणि कुठल्या पद्धतीत मोजलेत ते सांगणारी व्याख्या) लागली आहे. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किमी, मंगळाची ३३९६.१९ किमी, म्हणजे अंतरं सुमारे १.८८ पट फुगतात.

पृथ्वीची सीआरएस लागली तर एवढं काय बिघडतं? आकडे तर तेच राहतात.

पर्सिव्हिअरन्स रोव्हर जेझेरो विवरात साधारण १८.४४ अंश उत्तर, ७७.४५ अंश पूर्व इथे उतरलं. हाच आकडा पृथ्वीच्या सीआरएसमध्ये टाका आणि मागे रस्त्यांचा नकाशा लावा. रोव्हर नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरपासून वीसेक किलोमीटरवर उतरलेलं दिसेल! सॉफ्टवेअर एका शब्दानेही तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती एक वैध जागा आहे.

जागेची गंमत सोडली तर खरा तोटा मोजमापाचा होतो. एक अंश रेखांश पृथ्वीच्या विषुववृत्तावर १११ किमी भरतो, मंगळावर ५९.२७ किमी, चंद्रावर ३०.३२ किमी. उतार, क्षेत्रफळ, विवराचा व्यास हे सगळं या एका आकड्यावर उभं असतं.

जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-फॉरमॅटबद्दल मुद्दाम सावध करतो. २०१६ साली पक्क्या झालेल्या त्याच्या मानकात सहनिर्देशक पृथ्वीच्या डब्ल्यूजीएस ८४ या सीआरएसमध्येच असले पाहिजेत असं ठरलंय. मंगळाची माहिती त्यात साठवता येते, लोक साठवतातही, पण वाचणारं सॉफ्टवेअर ती पृथ्वीचीच समजतं. दर वेळी सीआरएस हाताने लावावी लागते. शक्य असेल तर जिओपॅकेज हा फॉरमॅट वापरा, त्यात सीआरएस फायलीसोबत राहते.

मग कुठली सीआरएस लावायची?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेच्या (आयएयू) २०१५ च्या अहवालावर आधारलेले कोड आता प्रोज (सहनिर्देशक बदलणारं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) यांत मिळतात. त्यांची रचना लक्षात ठेवायला सोपी आहे. नासाच्या क्रमांकपद्धतीत चंद्र ३०१ आणि मंगळ ४९९. त्यापुढे दोन आकडे लागतात: ०० म्हणजे गोल, ०१ म्हणजे लंबगोलावरचे प्लॅनेटोग्राफिक, ०२ म्हणजे लंबगोलावरचे प्लॅनेटोसेंट्रिक (या दोन शब्दांचा अर्थ खाली येईल). त्यामुळे चंद्रासाठी ३०१००, आणि मंगळासाठी ४९९००, ४९९०१ किंवा ४९९०२. मंगळाच्या ४९९०१ मध्ये रेखांश पश्चिमेकडे वाढतात, हे विसरू नका. यादीतलं पहिलं दिसलं ते निवडलं, असं करणाऱ्यांचे नकाशे इथेच उलटतात.

सीआरएस ‘लावणं’ आणि ‘रिप्रोजेक्ट करणं’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. लावताना आपण सांगतो की हे आकडे अमुक पद्धतीत लिहिलेले आहेत. आकडे बदलत नाहीत. रिप्रोजेक्ट करताना आकडे बदलतात. पृथ्वीची चुकीची सीआरएस लागलेली फाइल मंगळावर रिप्रोजेक्ट करायला गेलात तर प्रोज नकार देतं: दोन्ही लंबगोल एकाच खगोलाचे नाहीत, असा संदेश येतो. ही तपासणी बंद करायची सोय आहे, पण करू नका. तो संदेश तुमच्या बाजूने बोलतोय. योग्य सीआरएस लावा, मग पुढचं काम करा.

रास्टर (पिक्सेलचं चित्र) ० ते ३६० वरून −१८० ते १८० वर कसं आणायचं?

मंगळाच्या उंचीचं उदाहरण घेऊ. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या मोला या उंची मोजणाऱ्या उपकरणाचे मूळ ग्रिड ० ते ३६० पूर्व अशा पल्ल्यात आहेत. त्याच मोजणीवरून यूएसजीएसने (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने) बनवलेला, ४६३ मीटर पिक्सेलचा जागतिक नकाशा मात्र शून्य मध्यावर ठेवून −१८० ते १८० मध्ये आहे. दोन्ही एका प्रकल्पात वापरायची वेळ हमखास येते.

सरळ उपाय म्हणजे चित्र १८० च्या रेषेवर कापायचं आणि दोन तुकड्यांची अदलाबदल करायची. एका अंशाला १२८ पिक्सेल असलेल्या ग्रिडमध्ये एकूण ४६०८० स्तंभ असतात. उजवीकडचे २३०४० उचलून डावीकडे आणायचे, आणि डावी कड ० ऐवजी −१८० अशी लिहायची. पायथनच्या नमपाय लायब्ररीत याला ‘रोल’ म्हणतात, एका ओळीचं काम आहे. यात एकाही पिक्सेलची किंमत बदलत नाही, म्हणून मला हाच मार्ग आवडतो.

दुसरा मार्ग म्हणजे जीडॅल या सॉफ्टवेअरच्या वॉर्प आज्ञेला नवा मध्यरेखांश सांगून चित्र पुन्हा काढायला लावणं. त्यात पिक्सेलच्या किमती नव्याने काढल्या जाऊ शकतात आणि जुन्या कडेच्या जागी कधी कधी एक पिक्सेल रुंदीची रिकामी उभी रेघ राहते. उंचीच्या नकाशात ती रेघ उतार काढताना भिंतीसारखी उभी राहते. वॉर्पच वापरायचं असेल तर निदान ‘नियरेस्ट’ (जवळच्या पिक्सेलची किंमत तशीच घेणारा) पर्याय निवडा आणि ती रेघ शोधून बघा.

अदलाबदल करण्याआधी स्तंभ मोजा. काही ग्रिड पिक्सेलच्या मध्याशी बांधलेले असतात, काही रेषांशी. एका अंशाच्या ग्रिडमध्ये ३६० ऐवजी ३६१ स्तंभ दिसले तर ० आणि ३६० हे एकच रेखावृत्त दोनदा लिहिलेलं आहे. शेवटचा स्तंभ आधी काढून टाका. तसाच ठेवलात तर तो नव्या नकाशाच्या मधोमध येऊन बसतो.

बिंदूंच्या तक्त्यासाठी सूत्र काय?

० ते ३६० वरून ±१८० वर: रेखांशात १८० मिळवा, ३६० ने भागून बाकी घ्या, बाकीतून १८० वजा करा. उलट दिशेला: ३६० ने भागून बाकी घ्या, बस्स. पश्चिम धन असेल तर त्याआधी ३६० मधून वजा करा.

खाचखळगा एकच. ऋण संख्येची बाकी प्रत्येक भाषा सारखी काढत नाही. −५ ला ३६० ने भागल्यावर पायथन ३५५ देतं. सी आणि जावास्क्रिप्ट −५ च देतात. तिथे बाकीत ३६० मिळवून पुन्हा एकदा बाकी घ्यावी लागते.

पायथनच्या एक्सअरे लायब्ररीत रेखांश बदलल्यावर त्यांचा क्रम लावायला विसरू नका. नाहीतर अक्ष ० ते १८० जातो आणि तिथून −१८० वर उडी मारतो. मग ‘−३० ते ३०’ असा तुकडा मागितला की अपुरं किंवा रिकामं उत्तर येतं.

मीटरमधल्या फाइलीच्या कडा सारख्याच आहेत, तरी चित्र सरकलेलं का?

हा प्रश्न चांगला आहे, कारण इथे अनुभवी माणसंही फसतात. साध्या दंडगोलाकार प्रक्षेपणात मंगळाचा पूर्ण नकाशा −१०६६९ किमी ते +१०६६९ किमी असा पसरतो. मध्यरेखांश ० असो की १८०, कडांचे आकडे तेच! चंद्रासाठी ते ±५४५८ किमी. कडा बघून काहीच कळत नाही, मध्यरेखांश लेबलमध्येच वाचावा लागतो. मंगळाभोवतीच्या हायराइज कॅमेऱ्याच्या विषुववृत्ताकडच्या प्रतिमांमध्ये तो १८० असतो. चंद्राच्या लोला उंचीनकाशांचे पूर्ण गोलाचे ग्रिडही १८० मध्यावर ठेवलेले आहेत, तर एलआरओ या चंद्राभोवतीच्या यानाच्या रुंद कॅमेऱ्याचं जागतिक चित्र ० मध्यावर.

पश्चिम धन ही भानगड आली कुठून?

दुर्बिणीतून. दूरवरचा निरीक्षक फिरत्या ग्रहाकडे बघत असतो. ग्रहाच्या मधोमध दिसणारा रेखांश काळाबरोबर वाढत जावा, अशी जुन्या निरीक्षकांनी सोय केली. मंगळ पृथ्वीसारखाच फिरतो, म्हणून त्याचे रेखांश पश्चिमेकडे वाढू लागले. शुक्र उलटा फिरतो, म्हणून त्याचे पूर्वेकडे. या रीतीला प्लॅनेटोग्राफिक म्हणतात. प्लॅनेटोसेंट्रिक पद्धतीत मात्र रेखांश नेहमी पूर्वेकडे वाढतात.

मरिनर ९ आणि व्हायकिंग या यानांच्या काळातले मंगळाचे नकाशे पश्चिम धन आहेत. मोलाने प्लॅनेटोसेंट्रिक आणि पूर्व धन धरलं आणि २००२ च्या सुमारास यूएसजीएसनेही तेच स्वीकारलं. म्हणून सत्तरच्या दशकातला शोधनिबंध आणि आजचा डेटा शेजारी ठेवला की दिशा तपासायची. बुधाचंही तसंच: मरिनर १० यानाच्या काळात पश्चिम, नंतरच्या मेसेंजर यानाच्या नकाशांत पूर्व. शनी आणि गुरूच्या उपग्रहांच्या नकाशांत पश्चिम धन अजूनही भेटतं.

आपल्या लोणारच्या नावाचं एक विवर मंगळाच्या उत्तरेकडच्या मैदानात आहे, ७३ अंश उत्तरेला. त्याचा रेखांश काही ठिकाणी ३२१.७ पश्चिम दिसेल, काही ठिकाणी ३८.३ पूर्व. वजाबाकी करून बघा, हाताला सवय होते.

पश्चिम धन असलेलं चित्र आरशासारखं उलटवायचं का?

नाही. चित्र उत्तर वर आणि पूर्व उजवीकडे असंच काढलेलं असतं, फक्त खालचे आकडे उजवीकडून डावीकडे वाढतात. चित्र उलटवलंत तर विवरं, दऱ्या, प्रवाहांच्या खुणा सगळ्या उलट्या होतील. आकडे बदला, पिक्सेल जागच्या जागी राहू द्या.

अक्षांशाचे दोन प्रकार कशाला? त्याने कितीसा फरक पडतो?

ग्रह थोडा चपटा असतो. प्लॅनेटोसेंट्रिक अक्षांश म्हणजे ग्रहाच्या केंद्रापासून त्या जागेपर्यंत ओढलेल्या रेषेचा विषुववृत्ताशी कोन. प्लॅनेटोग्राफिक अक्षांश म्हणजे त्या जागी लंबगोलाच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेचा कोन. तुमच्या फोनचं जीपीएस देतं तो दुसऱ्या प्रकारचा. पूर्ण गोलावर दोन्ही एकच, म्हणून चंद्रावर ही चिंता नाही. त्याच्या नकाशांत १७३७.४ किमी त्रिज्येचा गोल धरतात.

मंगळाची ध्रुवीय त्रिज्या ३३७६.२० किमी, म्हणजे विषुववृत्तीय त्रिज्येपेक्षा २० किमीने कमी. विषुववृत्तीय त्रिज्येला ध्रुवीय त्रिज्येने भागून वर्ग करा, त्याने प्लॅनेटोसेंट्रिक अक्षांशाच्या टॅनला गुणा, की प्लॅनेटोग्राफिकचा टॅन मिळतो. ४५ अंशांवर फरक ०.३४ अंश येतो, जमिनीवर जवळपास २० किमी.

जेझेरोच्या अक्षांशावर तो सुमारे १२ किमी भरतो. पर्सिव्हिअरन्ससाठी आखलेलं उतरण्याचं क्षेत्र ७.७ किमी लांब आणि ६.६ किमी रुंद होतं. एवढ्या नेमक्या कामात अक्षांशाच्या प्रकाराची गल्लत झाली असती तर अख्खं क्षेत्रच बाहेर गेलं असतं. हा फरक नकाशावर नजरेला फारसा खुपत नाही, आणि म्हणूनच मी याला अर्ध्या गोलाच्या चुकीपेक्षा जास्त घातक मानतो.

शून्य रेखांश कुठे, हे कोण ठरवतं?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेचा एक कार्यगट. पण प्रत्येक खगोलाची गोष्ट वेगळी आहे.

मंगळावर बिअर आणि मेडलर या खगोलशास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात एका गडद ठिपक्यापासून मोजायला सुरुवात केली. मरिनर ९ च्या चित्रांनंतर एअरी विवरातलं, अर्धा किलोमीटर रुंदीचं एअरी-० हे छोटं विवर शून्याची खूण ठरलं. ज्या जॉर्ज एअरींच्या यंत्रावरून ग्रीनिचची रेषा ठरली, त्यांचंच हे नाव. आता व्हायकिंग १ ची जागा ४७.९५१३७ अंश पश्चिम अशी पक्की धरून तिच्यावरून शून्य ठरवतात, कारण त्या यानाची जागा रेडिओ संदेशांवरून विवराच्या चित्रापेक्षा नेमकी कळली होती.

बुधाचं शून्य रेखावृत्त मरिनर १० ला १९७४ साली अंधारात सापडलं. मग उजेडातल्या एका छोट्या विवराला २० अंश पश्चिम दिलं आणि त्याचं नाव हुन काल ठेवलं. माया भाषेत त्याचा अर्थ ‘वीस’.

व्हेस्टा या लघुग्रहावर डॉन यानाच्या चमूने स्वतःची पद्धत वापरली आणि संघटनेला ती मान्य झाली नाही. परिणामी चमूच्या अनेक शोधनिबंधांतले रेखांश आणि संग्रहात ठेवलेल्या डेटातले रेखांश यांत १५० अंशांचा फरक आहे. क्लॉडिया हे छोटं विवर एकीकडे ३५६ वर, दुसरीकडे १४६ वर (३५६ मध्ये १५० मिळवून ३६० वजा करा). व्हेस्टावर काम करणाऱ्याने कागदाच्या कोपऱ्यात हे दोन आकडे लिहूनच सुरुवात करावी.

चंद्रयान-३ च्या जागेसाठी कुठला पल्ला घ्यायचा?

चंद्रयान-३ चं विक्रम हे लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी ६९.३७३ अंश दक्षिण, ३२.३१९ अंश पूर्व इथे उतरलं. ३२ अंश पूर्व दोन्ही पल्ल्यांत तोच राहतो, त्यामुळे तो प्रश्न इथे येतच नाही. प्रक्षेपणाचा येतो. या अक्षांशावर एक अंश रेखांश फक्त १०.७ किमी उरतो आणि साध्या दंडगोलाकार नकाशात सगळं आडवं जवळपास पावणेतीन पट ताणलेलं दिसतं. दक्षिण ध्रुव मध्यावर ठेवणारं पोलर स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण घ्या. (ही जागा ध्रुवापासून सुमारे ६२५ किमी लांब आहे. ‘ध्रुवावर उतरलं’ असं सगळीकडे म्हणतात, पण नकाशा करणाऱ्याने तसं लिहू नये.)

आणखी एक बारकावा: चंद्रासाठी दोन चौकटी वापरतात, एक नकाशांसाठी आणि एक कक्षेच्या गणितासाठी. त्यांच्यातला फरक पृष्ठभागावर एक किलोमीटरपेक्षा थोडा कमी असतो. एलआरओचे नकाशे पहिल्या चौकटीत असतात. मीटरमध्ये काम करत असाल तर लेबलमध्ये चौकटीचं नाव शोधा.

बहुभुज नकाशाभर आडवा का पसरतो?

कारण तो शिवणीवरून, म्हणजे जिथे रेखांशांचा पल्ला संपून पुन्हा सुरू होतो त्या रेषेवरून, जातो. चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं साउथ पोल-एटकेन खोरं १८० रेखांशाच्या दोन्ही बाजूंना पसरलंय. त्याचं केंद्र १६९ पश्चिमेच्या आसपास, तर त्याच खोऱ्यात उतरलेलं चांग-ई ४ हे चिनी यान १७७.६ पूर्वेला. ±१८० मध्ये सीमारेषेचा एक बिंदू १७९ वर आणि पुढचा −१७९ वर येतो, आणि सॉफ्टवेअर त्यांना पृथ्वीकडच्या बाजूने जोडतं. इथे ० ते ३६० घ्या. उलट शून्य रेखांशाजवळच्या, मंगळाच्या मेरिडियानी भागासाठी ±१८० घ्या. शिवण तुमच्या कामाच्या जागेपासून शक्य तितकी दूर असावी, एवढाच निकष. जागतिक नकाशाच हवा असेल तर बहुभुज शिवणीवर कापून दोन भागांत ठेवा.

सरासरीलाही हेच लागू. ३५९ आणि १ यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे ग्रहाच्या थेट पलीकडे. मेरिडियानीतल्या विवरांच्या एका यादीचं केंद्र काढताना मी हेच केलं होतं आणि चूक कळेपर्यंत दोन दिवस गेले. रेखांशांचे साइन आणि कोसाइन काढून त्यांची सरासरी घ्या, मग कोन परत मिळवा.

बदल बरोबर झाला हे कशावरून तपासू?

ओळखीची एक जागा घ्या, पण शून्यापासून आणि १८० पासून दूर असलेली. मंगळावर ऑलिंपस मॉन्स: १८.६५ उत्तर, २२६.२ पूर्व, म्हणजेच −१३३.८. चिन्ह चुकलं तर तो १३३.८ पूर्वेला जाईल, आणि तिथून एलिसियम मॉन्स हा दुसरा ज्वालामुखी फार लांब नाही, त्यामुळे घाईत फसगत होऊ शकते. म्हणून दुसरी खूणही बघा: हेलास हे प्रचंड खोरं ४२ दक्षिण, ७० पूर्वेच्या आसपास. चंद्रावर टायको घ्या, ४३.३ दक्षिण, ११.४ पश्चिम.

मी बनवलेली फाइल दुसऱ्याला देताना काय लिहू?

यूएसजीएसच्या आयसिस या ग्रहप्रतिमांवर काम करणाऱ्या प्रणालीत नकाशाच्या लेबलमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहितात: अक्षांशाचा प्रकार, रेखांशाची दिशा आणि रेखांशाचा पल्ला. त्यांत त्रिज्या, मध्यरेखांश आणि मूळ रेखावृत्ताचा आधार जोडा. उदाहरणार्थ: ‘मंगळ, प्लॅनेटोसेंट्रिक अक्षांश, रेखांश पूर्व धन, ० ते ३६०, मध्यरेखांश १८०, त्रिज्या ३३९६.१९ किमी, आयएयू २०१५, पिक्सेल मध्याशी बांधलेले.’ ही एक ओळ फायलीच्या मेटाडेटात घाला, आणि वेगळ्या मजकूर-फाइलीतही ठेवा, कारण फॉरमॅट बदलताना मेटाडेटा गळतो.